ठरल्याप्रमाणे आहे

३ मार्च, सोमवार

आज सकाळी कामावर जाण्याआधी मी चर्चमध्ये जाऊन दोन मेणबत्त्या लावल्या. वरच्या खणात जिवंतांसाठी एक, ती माझ्या मुलीची, नेवेनाची. खालच्या खणात मेलेल्यांसाठी एक, ती तिच्या आईची. ईस्टरआधीचा मोठा उपवास आजच सुरू झाला, म्हणून मांस-चीज भरलेल्या बुरेकच्या दुकानासमोरून मान खाली घालून गेलो आणि निशावाच्या पुलावर थांबून पाव खाल्ला. नदीला पाणी चांगलं होतं. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला नवी नोकरी मिळते, त्या दिवशी नदीसुद्धा आपल्यासाठीच वाहतेय असं वाटतं.

कंपनी जुन्या मोज्यांच्या कारखान्यात आहे. दगडी इमारत, खाली यंत्रं, वर माणसं. मला खिडकीजवळचं टेबल दिलं. संचालक विदोसावाबाई साठीच्या, पांढरे केस पोरासारखे कापलेले. माझं गाव त्स्र्ना त्रावाच्या डोंगरात, आजोबा गवंडी, हे ऐकून त्या खूश झाल्या आणि मला ‘मायस्तोर’ म्हणू लागल्या. आमच्याकडे गवंड्याला, सुताराला अशीच हाक मारतात. ल्युबिशा नावाचा तिशीतला अभियंता माझ्याशेजारी बसतो. मला चिका तिहोमिर, म्हणजे तिहोमिरकाका, म्हणतो. थापी आणली का, असं त्यानं पहिल्याच तासाला विचारलं. मी म्हटलं, थापी गावी आहे, फक्त ओळंबा आणलाय. सगळे हसले.

नेवेनाला संध्याकाळी सगळं सांगितलं. तीही इथे नोकरी शोधते आहे. संगीत शिकवणाऱ्या मुलीला नीश शहरात शाळा मिळेना. चर्चच्या गायनात मात्र तिला पहिल्याच रविवारी पुढे उभं केलं.

६ मार्च

काम सोपं, पण सावकाश करायचं आहे. ही यंत्रणा रुग्णवाहिकांची आहे. कोणी घाबरून फोन करतो, पत्ता सांगतो. यंत्रणा जवळची गाडी शोधते आणि पाठवते. आपल्या देशात आणि शेजारच्या दोन देशांत मिळून हिच्यावर किती जीव अवलंबून आहेत, ते मोजण्याच्या पलीकडचं आहे.

यंत्रणेत जे जे बांधलं, त्याच्या प्रत्येक निर्णयाची एक नोंद आहे. काय ठरलं, का ठरलं, दुसरं काय करता आलं असतं. मी नोंद वाचायची, मग खाली जाऊन खरंच तसं उभं आहे का ते पाहायचं. असेल तर ‘ठरल्याप्रमाणे आहे’ लिहून सही करायची. नसेल तर ‘तफावत’. माझ्याआधीच्या तपासनिसांनी सगळ्या सह्या खुर्चीत बसून केलेल्या दिसतात. एका नोंदीत माहितीच्या दोन प्रती दोन वेगळ्या शहरांत ठेवायच्या असं ठरलेलं. प्रत्यक्षात दोन्ही एकाच कपाटात. मी तफावत लिहिली. ल्युबिशा म्हणाला, चिका तिहोमिर, जुनं लग्न आहे ते, वेगळं झोपवत नाही कोणी.

काही नोंदींच्या शेवटी एक शब्द येतो. आधार. पुढे नुसता आकडा. आज स्वेतोझार नावाच्या, आता इथे नसलेल्या माणसानं लिहिलेली नोंद तपासली. आधार : १७४. हे काय, म्हणून विचारलं, तर ल्युबिशा म्हणाला, फरशी उचला आणि पाहा, तपासनीस तुम्ही की मी?

मी उचलली. सर्व्हरच्या कपाटाखाली सिमेंटमध्ये वीतभर खळगा होता, त्यात लाल लोकरीचा दोरा गुंडाळून ठेवलेला. बाहेर काढून टेपनं मोजला. बरोबर एकशे चौऱ्याहत्तर सेंटिमीटर. पुन्हा तसाच ठेवला.

आमचे आजोबा असे दोरे ठेवत. पूल किंवा घर उभं राहीना, की रस्त्यानं जाणाऱ्याची सावली दोऱ्यानं मोजायची आणि तो दोरा पायात चिणायचा. मग भिंत टिकते. त्या माणसाचं काय होतं, ते आजोबा पोरांसमोर बोलत नसत. पण एखादं बांधकाम चालू असलं, की आम्हाला वळसा घालून न्यायचे.

सर्व्हरच्या खोलीत आमच्या गावची ही जुनी चाल पाहून मला हसूच आलं. पोरं दारावर संताची तसबीर लावतात, डोळ्याचा ताईत लावतात, तसंच हे. नोंदीत आहे, जागेवर आहे, लांबी जुळते. लिहिलं : ठरल्याप्रमाणे आहे.

१४ मार्च

नेवेना घराची किल्ली न्यायला आली होती. उन्हाची तिरीप आत आली होती, तिची लांब सावली थेट विदोसावाबाईंच्या टेबलापर्यंत गेली. ल्युबिशा ओरडला, थांब थांब, हलू नकोस, पाहुण्याचं माप घ्यायची रीत आहे इथे. खिशातून लाल दोरा काढला. ती हसत ताठ उभी राहिली, हात कमरेवर, शाळेच्या नाटकात राणी झाली होती तशी. दोऱ्याचं एक टोक ल्युबिशानं तिच्या सावलीच्या डोक्यावर धरलं.

दुसरं टोक पायाशी मी धरलं.

सगळे मजेत होते. विदोसावाबाईंनी तिला रुमालात बांधून सुकी अंजिरं दिली आणि विचारलं, बापासारखीच आहेस का गं, खोटं न बोलणारी? नेवेना म्हणाली, त्याच्यापेक्षा वाईट, तो निदान गप्प तरी बसतो.

४ एप्रिल

या महिनाभरात बरंच काम झालं. विदोसावाबाई म्हणाल्या की मी आल्यापासून यंत्रणा एकदाही कोलमडली नाही. पूर्वी महिन्याला दोनदा कोलमडायची. मी म्हटलं, मी फक्त पाहतो, दुरुस्त तर तुम्ही करता. त्या म्हणाल्या, पाहणारा खरा लागतो, मायस्तोर, तोच आम्हाला मिळत नव्हता.

आज नव्या विभागाच्या नोंदी तपासल्या. दक्षिणेकडचे सगळे फोन आता नव्या सर्व्हरवरून जाणार. आधार : २१०. फरशी उचलली, मोजलं, जुळलं. सही केली.

१६ एप्रिल, पवित्र बुधवार

संध्याकाळच्या प्रार्थनेत नेवेना गाता गाता थांबली. बाकीच्या बायका पुढे गेल्या, ही तोंड उघडं ठेवून उभी. मग स्वच्छ, वेगळ्याच आवाजात म्हणाली : तिसरा मजला, दार उघडं आहे, लवकर या. आणि पुढच्या ओळीपासून परत गाऊ लागली.

बाहेर आल्यावर विचारलं, तर तिला काहीच आठवत नव्हतं. उपवासानं अशक्तपणा आला असेल म्हणाली. मीही तेच म्हटलं.

२२ एप्रिल

ईस्टर झाला. लाल अंडी एकमेकांवर आपटून फोडली, नेवेनाचं न फुटता जिंकलं. जिंकल्यावर ओरडली नाही. अंडं हातात धरून भिंतीकडे बघत कुठल्यातरी गल्लीचं नाव सांगत बसली.

आज तिला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, तरुण मुलगी आहे, नोकरी नाही, मनाला लावून घेतलंय.

दुपारी स्वेतोझारच्या एका जुन्या नोंदीत अडलो. ल्युबिशाला विचारलं, तर म्हणाला, जा की, त्याच्याकडेच विचारा, गावातच राहतो, कुठे पळून जात नाही तो. आणि एकटाच खूप वेळ हसत राहिला.

मी गेलो.

म्हाताऱ्या आईनं दार उघडलं. स्वेतोझार खिडकीपाशी खुर्चीत होता. चाळिशीचा असेल. त्याच्यापुढे ताटली होती, आई चमच्यानं भरवत होती. ओठ हलत होते. मी वाकून ऐकलं. पत्ते. एकामागून एक, न थांबता पत्ते. पेट्रोल पंपामागे. बाई पडली आहे. वय सत्तर. श्वास घेत नाही.

आई म्हणाली, कामावरून कायमचा घरी आला तेव्हापासून मंद झाला होता, पण चालायचा, दुकानात जायचा, मला शिव्यासुद्धा द्यायचा. उपवास सुरू झाला त्या आठवड्यापासून बिघडला. पवित्र आठवड्यात खुर्चीत बसला तो उठलाच नाही. कोणाची दृष्ट लागली म्हणायची, बाबा?

दारात त्याची मोजमापाची पट्टी होती, पोराची उंची लिहितात तशी. शेवटची खूण एकशे चौऱ्याहत्तर.

उपवास सुरू झाला त्या आठवड्यात मी सही केली होती.

२३ एप्रिल

चर्चमध्ये गेलो. स्वेतोझारसाठी मेणबत्ती कुठल्या खणात लावायची, ते कळेना. हातातच वितळली.

मग कामावर जाऊन चार तारखेची नोंद उघडली. आधार २१०. नेवेना एवढी उंच नाही. क्षणभर देवाचे आभार मानले. मग आठवलं. माप तिचं नव्हतं. सावलीचं होतं; स्वेतोझारची उंचीएवढी भरली, हा योग. उतरत्या उन्हातली लांब सावली. फरशी उचलली. दोऱ्याच्या एका टोकाला निळ्या शाईचा डाग. तिची सावली मोजली त्या दिवशी माझं पेन गळत होतं.

२४ एप्रिल

विदोसावाबाईंनी काहीच नाकारलं नाही. दार लावून घेतलं, कॉफी मागवली. माझ्या कॉफीत साखर स्वतः ढवळली.

म्हणाल्या, मायस्तोर, तुझ्या आजोबांना जे ठाऊक होतं, ते आम्हाला चार वेळा यंत्रणा कोसळल्यावर कळलं. पहिल्या दिवशी अकरा गाड्या चुकीच्या दारात गेल्या. मग ल्युबिशानं आपल्या आजीला विचारलं. तेव्हापासून उभी आहे. पण डळमळायची, कारण आधीचे तपासनीस न बघता सही करायचे. खोट्या सहीनं चुना धरत नाही. म्हणून तुझ्यासारखा शोधला. तुझ्या गावच्या पाद्र्यालाच विचारलं होतं आम्ही, तुमच्याकडे खोटं न बोलणारा कोण आहे. त्यानं एका दमात तुझं नाव सांगितलं.

मी म्हटलं, मी दोरा काढतो.

म्हणाल्या, काढ. एकदा एकीनं काढला होता, नवऱ्याचा. नोंदीत आहे, जागेवर नाही, तफावत. भिंत पडली, आणि तिच्यासोबत आतलाही पडला. स्वयंपाकघरात, त्याच क्षणी. हवं तर काढ.

चुना धरायला चाळीस दिवस लागतात. मी सहीच्या दिवसापासून बोटांवर मोजलं. चौदा मे.

ल्युबिशा बाहेर उभा होता. म्हणाला, चिका तिहोमिर, तोंड का असं? एक मुलगी खिडकीत बसते, तिकडे रोज शेकडो बापांच्या मुली वाचतात. हिशोब तरी बघा. तुमचा देव याहून महाग घेतो.

२८ एप्रिल

माझी सही मागे घेतली. नेवेनाच्या नोंदीवर लिहिलं : ठरल्याप्रमाणे नाही. काहीही झालं नाही. मी खोटं लिहिलं होतं, आणि ते खोटं आहे हे त्या भिंतीला कळत होतं. आयुष्यात पहिल्यांदा खोटी सही केली, आणि तीही वाया गेली.

पाद्र्यांना विचारलं, मुलीसाठी पाप करावं का. म्हणाले, प्रार्थना कर. तिच्या तब्येतीसाठी तेल लावलं तिच्या कपाळाला. ती म्हणाली : नदीकाठची पिवळी इमारत, मूल निळं पडलंय.

३० एप्रिल

एक वाट आहे. नव्या निर्णयाची नोंद, जुनीच्या जागी. आधार बदलला, म्हणजे पहिला सुटतो. विदोसावाबाईंनीच सांगितलं, अगदी मदत केल्यासारखं. बदलीला चाळीस दिवस लागत नाहीत. भिंत उभीच आहे, दगड तेवढा बदलायचा. फक्त नव्या नोंदीवर सही खऱ्याची हवी, आणि ज्याची सावली मोजली त्यानं स्वतःच्या नोंदीवर सही करायची नाही.

कोणाचीही सावली चालते म्हणाल्या. फरशी पुसणारी रूझा आहे ना, तिला कोण विचारतंय.

२ मे

आज बुरेकच्या दुकानासमोर उभा राहिलो, खिशात दोरा. मालकीण बाहेर खुर्च्या मांडत होती. तिची सावली माझ्या बुटापर्यंत आली. मी वाकलो. दोऱ्याचं टोक टेकवलं. मोजलंसुद्धा.

तिनं विचारलं, काय पडलं, चिका? आणि माझ्याबरोबर शोधायला स्वतःही वाकली.

दोरा पुलावरून पाण्यात टाकला.

६ मे, संत जॉर्ज

आमच्या घराच्या संताचा दिवस. नेवेना सणाची भाकर मळत होती. तिच्या आईसारखीच वेणी घालते पिठाची. मी मेणबत्ती लावली आणि वळलो, तर हात पिठात तसेच. दुपारभर तसेच. पीठ हातावर सुकून तडकलं. मी एक एक बोट धुतलं.

ती मला ओळखत होती. म्हणाली, बाबा, आतमध्ये खूप लोक रडतात. आणि मग पत्ता. आणि पत्ता.

पाहुणे आले. मीच कशीबशी भाजलेली भाकर कापायची वेळ झाली. घरच्यांनी मिळून हातात धरून फिरवायची असते, मी एकटाच फिरवली.

९ मे

ठरवलं. मापाला माझी सावली आहेच. ल्युबिशानं दोरा धरला. ऐन मध्यान्हीला धरला, म्हणाला, आखूड घेऊ, लोकर वाचेल. आधार : ९६.

नोंद मी लिहिली. स्वच्छ. काय ठरलं, का ठरलं, दुसरं काय करता आलं असतं.

सही कोण करणार. या इमारतीत खरा माणूस नाही. विदोसावाबाई हसून म्हणाल्या, मायस्तोर, तुला एकच माहीत आहे.

हो.

१० मे

पहाटे फोन कमी येतात. तेव्हा नेवेना तास-दोन तास आपली असते. तिला सांगितलं, नोकरी आहे, माझ्यासारखीच, बाईंनी आधी एक काम करून दाखवायला सांगितलंय. केवढी आनंदली. आईची निळी ओढणी इस्त्री करून ठेवली.

सांगायला हवं का. सांगितलं तर ती सही करणार नाही. नाही सांगितलं तर —

नाही सांगणार. हे खोटं नाही. हे गप्प बसणं आहे. तीच म्हणाली होती —

१२ मे

पहाटे बरोबर नेलं. दारापर्यंत. म्हटलं, माझ्या शब्दावर जाऊ नकोस. फरशी उचल, स्वतः मोज, जे दिसेल तेच लिही. तिनं विचारलं, हा दोरा कोणाचा? म्हटलं, एका गवंड्याच्या नातवाचा.

मी घरी आलो. टेबलाशी बसलो आहे. मेणबत्ती वरच्या खणात लाव, असं एका चिठ्ठीवर लिहून ठेवलं. खाली नको. खाली नको, नेवेना.

ऊन आलं. खुर्चीची सावली पडली आहे. टेबलाची पडली आहे. माझी अजून —

फोन. तीच. आवाज मोकळा, हसरा, महिन्यानं. बाबा, डोकं एकदम हलकं झालं! सगळं जुळलं, तीनदा मोजलं, लिहिलं ठरल्याप्रमाणे आहे. बाईंनी तिथेच मला ठेवून घेतलं. म्हणाल्या, तुझ्या बापाची जागा रिकामी होतेय. तू सोडतोयस हे मला का नाही सांगितलंस? बुरेक घेऊन येते, मांसाचा, उपवास संपलाय —

ठेवला. मुलगी सुटली. देवा, तुझे —

तिची पुढची सही कोणा—

पिठाच्या गिरणीजवळ. पुरुष. छातीत दुखतं. हे मी नाही लिहीत. गाडी चौदा, पाठव. दुसरा मजला. बाई घसरली. पाठव. मूल, ताप, पाठव. हात अजून माझा आहे, पेन धर

दार वाजलं. बुरेकचा वास. बाबा म्हणते. बाबा, बाबा म्हणते. खांदा हलवते. मान वळत नाही. एवढंच लिहितो, ती वाचेल, नको करूस ती नोकरी, नको करू

नवा फोन. तरुण मुलगी. रडते आहे. वडील बोलत नाहीत, डोळे उघडे आहेत, ओठ हलतात. पत्ता सांगा. सांगते आहे. पुलापलीकडे, पहिला मजला, दारावर संत जॉर्ज. लवकर या म्हणते. जवळची गाडी शोध. शोधतो. सगळ्या गाड्या मीच